लेकीचा वजनगट वाढतो तेव्हा



सातारा-सांगलीच्या गावांना कुस्ती नवी नाही. जत्रेच्या दुपारी फड लागतो. आधी लहानग्यांच्या रेवडीच्या कुस्त्या होतात, मग इनामाच्या मोठ्या कुस्त्या. नवं एवढंच, की आता तालमीत पोरीही जायला लागल्यात. मार्च २०२३ मध्ये महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा सांगलीत झाली आणि सांगलीच्याच प्रतीक्षा बागडी हिनं ती जिंकली. ते पाहून ज्यांच्या घरी लेक कुस्ती किंवा बॉक्सिंग खेळते, त्या घरांत उमेद वाढली. तशा काळज्याही वाढल्या.

बचत गटाची बैठक संपली, हप्ते मोजून झाले, की काही आया मागं थांबतात. त्यांचा प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "वस्ताद म्हणतात, पोरीचा वजनगट वाढवावा लागणार. म्हणजे पोर मागं पडली का? का तिचं खाणं कमी करून आहे त्याच गटात ठेवू?" आज आपण याच प्रश्नावर बोलणार आहोत. गट वाढला की खेळाडूचं नेमकं काय होतं, काय मिळतं, काय जातं, आणि घरच्यांनी काय करायचं.

वजनगट कशासाठी?

जत्रेच्या फडात जोड लावताना वस्ताद मंडळी दोन्ही पैलवान शेजारी उभे करतात. अंग बघतात, तयारी बघतात आणि मग जोड ठरते. तिथं नजर हाच काटा. मॅटवरच्या कुस्तीत आणि बॉक्सिंगमध्ये खरा काटा असतो. ५० किलोचा गट म्हणजे वजन ५० किलो किंवा त्याच्या आत. काटा त्याच्या वर गेला की खेळता येत नाही. दुबळ्याला भारी माणसाखाली चिरडू नये, बरोबरीची लढत व्हावी, यासाठी ही सोय आहे.

आंतरराष्ट्रीय कुस्तीत २०१८ पासून वरिष्ठ महिलांचे दहा गट आहेत. पण २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये त्यातले सहाच होते : ५०, ५३, ५७, ६२, ६८ आणि ७६ किलो. बॉक्सिंगमध्येही महिलांचे सहाच गट होते : ५०, ५४, ५७, ६०, ६६ आणि ७५. या आकड्यांमधलं अंतर नीट बघा. कुठं तीन किलोचं, कुठं आठ-नऊ किलोचं. एखादीचं अंग बरोबर मधे बसलं, तर तिला वर जायचं की खाली, हे ठरवावंच लागतं.

गट वाढवण्याची वेळ का येते?

पहिलं कारण अगदी साधं. पोर वाढते. चौदा-पंधराव्या वर्षी उंची वाढते, हाडं भरतात, अंग भरतं. हे वजन म्हणजे चरबी नव्हे, ती तिची वाढ आहे.

दुसरं कारण वयाचं. आंतरराष्ट्रीय कुस्तीत १७ वर्षांखालच्या मुलींना ४३, ४६, ४९ असे हलके गट मिळतात. वीस वर्षांखालच्या आणि वरिष्ठ गटात सुरुवातच ५० किलोपासून होते. म्हणजे ४६ किलोची पोर अठराची झाली, की तिला ५० च्या गटात जाण्यावाचून मार्ग नाही. तिनं कमवून वजन वाढवलं नाही, तर ती ४६ किलोची राहून ५० किलोवालीशी झुंजणार.

तिसरं कारण स्पर्धेचं. तिचा गट मोठ्या स्पर्धेत नसतो, किंवा त्या गटात आधीच कुणीतरी फार जबरदस्त असतं.

आखाड्यात काय बदलतं?

वरच्या गटात गेलं की समोरची बहुतेक वेळा उंच असते, तिचे हात लांब असतात, तिची ताकद जास्त असते. बॉक्सिंगमध्ये लांब हातांची मुलगी दुरूनच ठोसा पोचवते. आपल्या पोरीला आत शिरावं लागतं आणि आत शिरताना दोन ठोसे खावे लागतात. कुस्तीत खालच्या गटात जी सहज उचलली जायची, ती आता हलत नाही. पट काढला तरी समोरची अंगाचा भार टाकून दाबून धरते. शेवटच्या मिनिटात दम कमी पडतो.

पण काही जमेलाही असतं. खालच्या गटातून आलेली पोर चपळ असते, ती चपळाई सोबत येते. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी पोर इतके दिवस उपाशी राहून वजन राखत होती, ती आता पोटभर खाऊन उतरते. सरावात जोर येतो. डोकं शांत राहतं, डाव सुचतात.

म्हणून गट वाढणं चांगलं की वाईट, याला एका शब्दात उत्तर नाही. वजन कसं वाढलं, किती वेळ देऊन वाढलं, यावर ते ठरतं. चार महिने कमवून आलेलं वजन ताकद देतं. घाईनं गोडधोड आणि तळकट खाऊन आलेलं वजन काट्यावर दिसतं, पण आखाड्यात ते नुसतं ओझं होतं.

गोळेश्वरचे खाशाबा

याचं उदाहरण बघायला लांब जायला नको. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव आपल्याला माहीत आहेत. स्वतंत्र भारताला ऑलिंपिकमधलं पहिलं वैयक्तिक पदक त्यांनी मिळवून दिलं. पण ते दोन ऑलिंपिक खेळले आणि दोन वेगळ्या वजनगटांत खेळले, हे फारसं सांगितलं जात नाही.

१९४८ मध्ये लंडनला ते ५२ किलोच्या गटात, फ्लायवेटमध्ये उतरले. मातीत घडलेला हा पैलवान तिथं मॅटवर खेळला आणि सहावा आला. चार वर्षांनी, १९५२ मध्ये, हेलसिंकीला ते ५७ किलोच्या गटात, बँटमवेटमध्ये उतरले. एक गट वर. तिथं त्यांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीच्या मल्लांना हरवलं. जपानच्या शोहाची इशीई आणि सोव्हिएत संघाच्या रशीद मामेदबेयोव यांच्याकडून ते हरले. त्या दोघांना सोनं आणि रुपं मिळालं, खाशाबांना कांस्य.

पाच किलो वाढले म्हणून पदक आलं, असं कुणी म्हणेल तर ते खरं नाही. मधली चार वर्षं होती. बाविसाव्या वर्षाचा तरुण सव्विसाव्या वर्षाचा झाला होता, मॅटचा अनुभव गाठीला होता, मेहनत होती. सांगायचं एवढंच, की वरच्या गटात जाणं म्हणजे मागं जाणं नव्हे. वेळ दिला तर तिथं पदकही मिळतं.

आणि त्यामागं घरचं-गावचं बळ होतं. हेलसिंकीला जायला पैसे नव्हते. गावानं वर्गणी काढली. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. आपण बचत गटातल्या बायका आहोत, घर गहाण ठेवणं म्हणजे काय हे आपल्याला वेगळं सांगायला नको.

आणखी तिघांची गोष्ट

मणिपूरच्या मेरी कोम यांनी ४५ ते ४८ किलोच्या गटांत पाच वेळा जगज्जेतेपद मिळवलं. २०१२ ला लंडनमध्ये महिलांचं बॉक्सिंग पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आलं, पण गट तीनच ठेवले : ५१, ६० आणि ७५ किलो. मेरी कोम यांचा गटच नव्हता. त्या ५१ मध्ये गेल्या, आपल्याहून उंच आणि वजनदार मुलींशी लढल्या आणि कांस्यपदक घेऊन आल्या. पुढं २०१८ मध्ये दिल्लीला त्या पुन्हा ४८ किलोत खेळल्या आणि सहाव्यांदा जगज्जेत्या झाल्या. म्हणजे वरच्या गटात त्यांना पदक मिळालं, पण त्यांच्या अंगाला मानवणारा गट खालचाच होता.

आसामच्या लवलीना बोर्गोहेन यांचं उलट. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यांनी ६९ किलोत कांस्य मिळवलं. पॅरिसच्या यादीत ६९ नव्हता. एक तर ६६ पर्यंत खाली या, नाही तर ७५ पर्यंत वर जा. त्या वर गेल्या आणि २०२३ मध्ये ७५ किलोत जगज्जेत्या झाल्या. पॅरिसमध्ये मात्र उपांत्यपूर्व फेरीत हरल्या. एकाच बदलात दोन्ही बघायला मिळालं.

तिसरे आपल्या बीड जिल्ह्यातले पाटोद्याचे राहुल आवारे. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी ५७ किलोत सुवर्ण जिंकलं. २०१९ च्या जागतिक स्पर्धेत ते ६१ किलोत उतरले आणि कांस्यपदक मिळवलं. जागतिक पदक ही केवढी मोठी गोष्ट! पण ६१ किलोचा गट ऑलिंपिकमध्ये नाही. त्याच स्पर्धेत ५७ किलोत रवी दहिया यांनी पदकासोबत ऑलिंपिकची जागाही मिळवली आणि टोकियोला रौप्य जिंकलं. आवारे यांची पुढं महाराष्ट्र पोलिसांत उपअधीक्षक म्हणून नेमणूक झाली. गट बदलला तर कुठलं दार उघडतं आणि कुठलं बंद होतं, ते आधी माहीत पाहिजे. त्यासाठी ही गोष्ट सांगितली.

गट वाढवायचा नाही म्हणून वजन उतरवलं तर?

आता ज्याची आम्हाला सगळ्यात जास्त भीती वाटते त्याबद्दल. गट वाढवायचा नाही म्हणून स्पर्धेआधी पोरीचं जेवण बंद करायचं, पाणी बंद करायचं, उन्हात स्वेटर घालून पळवायचं. हे गावोगाव चालतं, आणि "सगळेच करतात" म्हणून चालतं.

विनेश फोगाट यांचं आपण सगळ्यांनी ऐकलं. २०१९ मध्ये ५३ किलोत त्यांना जागतिक कांस्यपदक मिळालं होतं. पॅरिसला त्या ५० किलोत उतरल्या, कारण ५३ ची जागा दुसऱ्या मुलीनं मिळवली होती. ६ ऑगस्ट २०२४ ला त्यांनी जपानच्या युई सुसाकीला हरवलं. ही सुसाकी तोवर आंतरराष्ट्रीय कुस्तीत एकदाही हरली नव्हती. त्याच दिवशी विनेश अंतिम फेरीत पोचल्या. नियमाप्रमाणे दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन झालं. रात्रभर घाम गाळला, केससुद्धा कापले, तरी काटा १०० ग्रॅम वर राहिला आणि त्या स्पर्धेतून बाद झाल्या. शंभर ग्रॅम म्हणजे आपल्या घरातलं एक छोटं वाटीभर पाणी. डॉक्टर, आहारतज्ज्ञ सोबत असतानाही असं होऊ शकतं, तर आपल्या पोरीच्या सोबत कोण असतं?

पाणी बंद केल्यावर अंगात काय होतं ते समजून घ्या. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. पन्नास किलोच्या पोरीनं घामावाटे एक लिटर गमावलं, की तिच्या वजनाचे दोन टक्के गेले. एवढ्यावरच दम आणि चपळाई कमी होऊ लागते. त्याहून जास्त गेलं की चक्कर येते, पायात गोळे येतात, छाती धडधडते. उन्हात हे जिवावर बेतू शकतं. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस महिना-दीड महिन्यात तीन कॉलेजचे मल्ल असंच वजन उतरवताना मरण पावले. त्यानंतर तिथं कॉलेजच्या कुस्तीचे नियम बदलावे लागले.

हे झालं एका दिवसाचं. वर्षानुवर्षं कमी खाऊन गट राखला, तर पोरींच्या बाबतीत आणखी एक गोष्ट होते. पाळी लांबते किंवा थांबते. काही जणींना हे बरंच वाटतं, स्पर्धेत अडचण नको म्हणून. पण पाळी थांबणं म्हणजे शरीरानं दिलेला इशारा आहे. खाणं पुरत नाही, म्हणून शरीर एकेक काम बंद करत चाललंय. यात हाडं ठिसूळ होतात, आणि तरुणपणी जी हाडं भरायची ती पुढं तितकी भरून निघत नाहीत. सुरू झालेली पाळी तीन महिने आली नाही, तर डॉक्टरांकडं जायचंच. सोबत हिमोग्लोबिन तपासून घ्या. बाराच्या खाली असेल तर रक्त कमी आहे. मग पोरीला दम लागतो आणि लोक म्हणतात, पोर आळशी झाली.

गट वाढवायचा तर कसा?

सावकाश. आठवड्याला पाव ते अर्धा किलो, याहून जास्त घाई नको. म्हणजे तीन-चार किलोंना दीड ते चार महिने लागणारच. स्पर्धा संपल्यावर सुरुवात करावी, पुढच्या स्पर्धेच्या तोंडावर नाही. जोर, बैठका, दोरावर चढणं, वजनं उचलणं, हा ताकदीचा व्यायाम वस्तादांना विचारून वाढवावा आणि खाणं त्याच्या जोडीनं.

खुराक म्हणजे महागाचे डबे नव्हेत. मेहनत करणाऱ्या खेळाडूला दर किलो वजनामागं दिवसाला साधारण दीड ग्रॅम प्रथिनं लागतात. पन्नास किलोच्या पोरीला पंचाहत्तर ग्रॅमच्या आसपास. ती आपल्या घरात कुठून येतील?

- अर्धा लिटर दूध : सुमारे १६ ग्रॅम
- दोन अंडी : सुमारे १२ ग्रॅम
- १०० ग्रॅम कोरडी डाळ किंवा मटकी, दिवसभरात आमटी-उसळीतून : सुमारे २३ ग्रॅम
- मूठ-दीड मूठ, म्हणजे ५० ग्रॅम शेंगदाणे : सुमारे १२ ग्रॅम
- बाजरीच्या किंवा ज्वारीच्या तीन भाकरी : सुमारे १८ ग्रॅम

झाले ऐंशी. अंडी चालत नसतील त्यांनी दही, हरभरा किंवा सोयाबीन वाढवावं. नुसती प्रथिनंही पुरत नाहीत. भाकरी, भात, गूळ, तूप हे सरपण आहे. सरपण कमी पडलं तर शरीर प्रथिनंच जाळतं.

यात एक अडचण पैशांची आहे आणि एक मनाची. पैशांचं आपण बघतो, गटातून मार्ग काढतो. मनाचं अवघड आहे. मुलगा पैलवान झाला की त्याला तूप-बदाम, आणि मुलगी झाली तर "पोरीच्या जातीनं एवढं खाऊ नये, जाड झाली तर स्थळ कोण आणणार?" आजी म्हणते, आत्या म्हणते, कधी आपणही म्हणतो. पोर ते ऐकते आणि ताट अर्ध्यावर सोडून उठते. तिचं वाढलेलं वजन हे तिच्या मेहनतीचं आहे, हे घरात एकदा सगळ्यांसमोर सांगायला हवं. ते आईनं सांगितलं तर पोरीला धीर येतो.

पहिलं वर्ष सोसायचं

गट बदलला की जुन्या गटातल्या विजयांचा तिथं उपयोग नसतो. निवड चाचणी नव्यानं द्यायची, नव्या मुलींशी खेळायचं. पहिलं वर्ष हरण्याचं जाऊ शकतं. खालच्या गटात जिल्ह्याला पहिली येणारी पोर वरच्या गटात पहिल्याच फेरीत बाहेर पडते.

याची झळ घराला लागते. दहावी-बारावीचे खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीतलं खेळाडूंचं पाच टक्के आरक्षण, हे सगळं स्पर्धेतल्या कामगिरीवर मिळतं. म्हणून आई-वडिलांना वाटतं, हे एक वर्ष उपाशी ठेवू, पदक घेऊ, मग बघू. ही ओढ आम्हाला कळते. गरिबाघरी एक प्रमाणपत्र म्हणजे नोकरीची आशा असते. पण वाढत्या अंगाला एक वर्ष दाबलं, तर पुढच्या वर्षी ते आणखी दाबावं लागतं. दुखापती होतात, पोर खेळालाच कंटाळते. मग पदकही राहतं आणि खेळही. एक वर्ष हरून पुढची पाच वर्षं खेळणं हा सौदा आम्हाला जास्त फायद्याचा वाटतो.

मोठी झालेली, वाढ पूर्ण झालेली खेळाडू जाणत्या माणसांच्या देखरेखीखाली एखादा किलो कमी करते, ते वेगळं. वाढत्या वयाच्या पोरीला ते लागू नाही.

वस्तादांना काय विचारायचं?

आपल्याला खेळातलं कळत नाही म्हणून गप्प बसू नका. मान राखून हे प्रश्न जरूर विचारा :

- वस्ताद, गट कधी बदलायचा आणि पुढची स्पर्धा किती महिन्यांनी आहे?
- नवा गट शालेय, राज्य आणि पुढच्या मोठ्या स्पर्धांमध्ये आहे का?
- तिचं आजचं वजन सकाळचं, नेहमीसारखं खाऊन-पिऊन किती आहे?
- नव्या गटातल्या मुलींबरोबर तिचा सराव कधीपासून होणार?
- वजनासाठी तिचं पाणी बंद करणार नाही ना?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "थोडंसं करावं लागतं" असं आलं, तर आईनं "नाही" म्हणायचं. चांगले वस्ताद त्याचा राग धरत नाहीत, उलट घरचे लक्ष देतात म्हणून त्यांना बरं वाटतं.

आणि घरी एक वही घाला. हप्त्याची वही आपण ठेवतोच, तशीच. आठवड्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी सकाळी पोरीचं वजन. महिन्यातून एकदा उंची. पाळीची तारीख. सहा महिन्यांतून एकदा हिमोग्लोबिन, ते प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून मिळतं. वर्षभराची वही समोर ठेवली, की गट वाढवायची वेळ आली का नाही, हे वस्तादांना, डॉक्टरांना आणि तुम्हालाही दिसेल. पोरीलाही ती वही बघू द्या. आपल्या अंगाचा हिशेब तिला स्वतःला ठेवता आला पाहिजे.